मालिका, सिनेमा, ओटीटी : इंटर्नशिपच्या मुलाखतीची तयारी

"मला लहानपणापासून या क्षेत्राची खूप आवड आहे." हे वाक्य मुलाखतीत आलं की समोरची व्यक्ती मान डोलावते आणि हळूच घड्याळ बघते. आवड नसती तर भर दुपारी अंधेरीत पत्ता शोधत कोण आलं असतं? ती गृहीतच धरलेली असते. समोरच्याला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच : सोमवारी सकाळी सात वाजता हा मुलगा किंवा ही मुलगी सेटवर उभी राहिली, तर नेमकं कोणाचं काम हलकं होईल?

मराठी मालिकांच्या क्रिएटिव्ह विभागात काम करताना इंटर्न निवडण्याचं काम माझ्याकडे अधूनमधून येतं. त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूने जे दिसतं, ते इथे लिहिते आहे. उदाहरणं मुंबईची आणि जास्त करून टीव्हीची आहेत, कारण नवख्यांना सर्वांत लवकर दार उघडतं ते तिथेच. सिनेमा आणि ओटीटीसाठीही यातलं बरंच लागू पडतं.

आधी खातं ठरवा

"काहीही चालेल, शिकायचंय" हे उत्तर नम्र वाटतं, पण त्याने तुमचं नुकसान होतं. काहीही चालणाऱ्या माणसाला कुठे बसवायचं, हे ठरवायला कोणाला वेळ नसतो. म्हणून अर्ज करायच्या आधी खातं निवडा. पुढे ते बदलता येतं, बरेच जण बदलतात.

दिग्दर्शन विभागात इंटर्न म्हणजे सहाय्यकांचा सहाय्यक. क्लॅप देणं (शॉटच्या सुरुवातीला सीन-टेकचा नंबर लिहिलेली पाटी वाजवणं), कंटिन्युइटीचे (एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळावं यासाठीचे) फोटो काढणं, कलाकार मेकअप रूममधून निघाले का ते बघणं, संवादांची प्रत हातात तयार ठेवणं. दिवसभर उभं राहायचं. क्रिएटिव्ह विभागात ऑफिसमध्ये बसून स्क्रिप्ट वाचायच्या, पुढच्या ट्रॅकच्या (कथेच्या पुढच्या टप्प्याच्या) मीटिंगची टिपणं घ्यायची, एपिसोड बघून चुका काढायच्या. प्रॉडक्शनमध्ये हिशेब, गाड्या, जेवण, लोकेशनची परवानगी. पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतरच्या कामात, फुटेज लावणं, लॉग करणं (कोणत्या क्लिपमध्ये काय आहे याची नोंद), एडिटरच्या शेजारी बसून रात्र काढणं. शिवाय कास्टिंग, कॉस्च्युम, आर्ट, प्रोमो, सोशल मीडिया, पीआर, म्युझिक कंपनी, कलाकारांचं व्यवस्थापन बघणाऱ्या एजन्सीज आहेतच.

इथे एक गोंधळ हमखास होतो. वाहिनी आणि निर्मितीसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, सन मराठी या वाहिन्या. त्यांच्यासाठी मालिका बनवते ती निर्मितीसंस्था. सेट, कलाकार, युनिट तिचं असतं. वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीममधली माणसं गोष्ट मंजूर करतात, बदल सुचवतात, प्रेक्षकसंख्येचे आकडे बघतात. निर्मितीसंस्थेच्या टीमला तीच गोष्ट रोज शूट करून द्यायची असते. वाहिनीच्या ऑफिसात मुलाखतीला जाऊन "मला सेटवर काम करायचंय" म्हणालात, तर चुकीच्या दारात उभे आहात हे तुम्हीच सांगून टाकलंत. मालिकेच्या श्रेयनामावलीत निर्मितीसंस्थेचं नाव असतं. ते बघा.

जागा कुठे कळतात

मोठ्या वाहिन्या आणि ओटीटी कंपन्या लिंक्डइनवर किंवा स्वतःच्या करिअर पानावर जागा टाकतात, आणि त्यांना बहुधा कॉलेजचं पत्र लागतं. बीएएमएमसी (मास कम्युनिकेशनची पदवी) करत असाल तर प्लेसमेंट बघणाऱ्या प्राध्यापकांना आधी गाठा. लहान निर्मितीसंस्था जाहिरात क्वचितच देतात. तिथे इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर चार ओळी येतात आणि चोवीस तासांत नाहीशा होतात, किंवा एखादा असिस्टंट सोडून जातो आणि उरलेले "कोणी आहे का रे?" असं विचारतात. त्यामुळे ओळख हवी ती तुमच्याच वयाच्या असिस्टंट मंडळींशी. दिग्दर्शकाला पाठवलेला मेसेज वाचला जाण्याची शक्यता कमी. एखाद्या असिस्टंटला पाठवलेला मेसेज वाचला जातो, कारण नवा इंटर्न आला तर धावपळ त्याचीच वाचणार असते.

एकांकिका स्पर्धांमधून आलेल्या मुलांना इथे थोडं झुकतं माप मिळतं. पुण्यातल्या पुरुषोत्तमला किंवा फिरोदियाला बॅकस्टेज केलेल्या मुलाने प्रॉपर्टी सांभाळलेली असते, ब्लॅकआउटमध्ये सेट बदललेला असतो, तालमींना रात्री उशिरापर्यंत थांबलेला असतो. ते सांगायला लाजू नका. "फक्त बॅकस्टेज होतो" यातला "फक्त" काढून टाका.

आता पैशाचं. इंटर्नशिप देण्यासाठी कोणी रजिस्ट्रेशन फी, आयडी कार्ड फी, ट्रेनिंग किट असलं काही मागत असेल तर तिथून निघा. काम देणारी संस्था काम मागणाऱ्याकडून पैसे घेत नाही. मुलाखत ऑफिसात, सेटवर, फार तर एखाद्या कॅफेत होते. रात्री हॉटेलच्या खोलीत किंवा कोणाच्या घरी बोलावणं आलं तर जायचं नाही. नाही म्हटल्याने संधी गेली असं वाटत असेल, तर ती संधी नव्हतीच.

सीव्ही आणि नमुने

एक पान. फोटो नको, तुम्ही अभिनयासाठी अर्ज करत नाही आहात. वर नाव, फोन, कुठे राहता तो भाग (घोडबंदरच्या सेटसाठी माणूस निवडताना तुम्ही ठाण्यात राहता की पनवेलला, याला खरंच अर्थ असतो), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात.

खाली केलेलं काम. "शॉर्ट फिल्म – दिग्दर्शन सहाय्य" असं नुसतं लिहू नका. किती मिनिटांची, किती दिवसांचं शूट, तुम्ही नेमकं काय केलं, हे एका ओळीत. "१२ मिनिटांचा लघुपट, दोन दिवस शूट, कॉलशीट आणि कंटिन्युइटी सांभाळली" असं लिहिलं की मुलाखतीचे पुढचे दोन प्रश्न तुम्हीच ठरवलेत. कॉलशीट (कोणी किती वाजता, कुठे यायचं याचा दिवसाचा तक्ता) खरंच केली असेल तर ती सोबत घेऊन जा.

सॉफ्टवेअर लिहिताना जपून. प्रीमिअर प्रो लिहिलंत तर प्रॉक्सी (एडिटिंगसाठी केलेली फुटेजची हलकी प्रत) म्हणजे काय हे विचारलं जाईल. पोस्टसाठी जात असाल तर निदान एवढं पक्कं हवं : आपल्याकडे टीव्हीचं काम साधारणपणे सेकंदाला २५ फ्रेम्सवर चालतं, सिनेमाचं २४ वर, चित्रासोबतचा आवाज ४८ किलोहर्ट्झला असतो, फुटेजच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ड्राइव्हवर झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड कोरं करायचं नाही. या शेवटच्या बाबतीत हयगय करणाऱ्या माणसाला कोणीही एडिट रूममध्ये घेत नाही, मग त्याचा हात कितीही चांगला असो.

व्हिडिओची लिंक पाठवणार असाल तर ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. "ॲक्सेस मागा" अशी पाटी आली की पुढचा अर्ज उघडला जातो. दीड मिनिटाच्या वरचं काही नको, आणि सर्वांत चांगला तुकडा सुरुवातीला.

मराठीसाठी अर्ज करणाऱ्यांनी देवनागरी टायपिंग शिकून घ्यावं, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. हिंदी सिनेमात संवाद रोमन लिपीत लिहिलेले सर्रास चालतात. मराठी मालिकेची स्क्रिप्ट देवनागरीत असते आणि सेटवर ऐनवेळी बदललेला संवाद दोन मिनिटांत टाइप करून सगळ्यांच्या ग्रुपवर टाकावा लागतो. ज्याला ते ऱ्हस्व-दीर्घासकट जमतं, तो पहिल्याच आठवड्यात लागणारा माणूस होतो.

गृहपाठ

ज्या संस्थेत चाललात तिचं चालू काम बघा. चालू मालिका असेल तर तिचे लागोपाठचे पाच-सहा भाग. पहिला भाग आणि मग थेट कालचा, असं नको. गोष्ट रोज कशी पुढे सरकते आणि कशी मुद्दाम थांबवली जाते, हे लागोपाठ बघितल्यावरच कळतं. बघताना वहीत तीन गोष्टी टिपा : भाग कुठे सुरू झाला, जाहिरातीच्या आधी कशावर सोडला, शेवटी कशावर संपवला. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये प्रत्यक्ष भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा असतो. तेवढा मजकूर बऱ्याचदा एका दिवसाच्या शिफ्टमध्ये उरकायचा असतो. हे डोक्यात ठेवून बघितलंत की एकच खोली पुन्हापुन्हा का दिसते, सगळी पात्रं दिवाणखान्यात एका रांगेत का उभी राहतात, याची उत्तरं आपोआप सापडतात.

आकड्यांबद्दलही थोडं कळू दे. टीव्हीचं मोजमाप बार्क ही संस्था करते आणि दर गुरुवारी आठवड्याचे आकडे येतात. गुरुवारी मुलाखत असेल आणि ऑफिसात वातावरण जड वाटलं तर ते मनावर घेऊ नका, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. पण गुरुवारचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे, एवढं बोलण्यातून दिसलं तर बरं वाटतं.

आणि मालिकांना नावं ठेवत आत शिरू नका. "मी मालिका बघत नाही, मला जागतिक सिनेमा आवडतो," असं मालिका बनवणाऱ्या माणसाला सांगणारी मुलं खरंच येतात. जागतिक सिनेमा त्या माणसालाही आवडतो. पुण्याच्या पिफ, गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवांना तो रजा टाकून जात असेल. पण त्याला उद्या सहा सीन शूट करायचेत.

एक सीन फोडून बघा

सगळ्या तयारीत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. सीन हातात देऊन "यात काय काय लागेल?" हा प्रश्न दिग्दर्शन आणि प्रॉडक्शनच्या मुलाखतीत हमखास येतो, क्रिएटिव्हमध्येही येतो. समजा असा सीन आहे :

दृश्य १४. आतील. देशमुखांचं स्वयंपाकघर. सकाळ. नीता गॅसवर दूध ठेवून पोळ्या लाटते आहे. बाहेरून सासऱ्यांची हाक येते. ती दाराकडे जाते. मागे दूध उतू जातं. ती धावत येते आणि पदरानेच पातेलं उतरवते.

नवखा उमेदवार सांगतो : गॅस, पातेलं, दूध, पोळपाट-लाटणं. बरोबर आहे, पण हे तर सीनमध्येच लिहिलंय.

आता नीट बघा. सेटवरच्या स्वयंपाकघरातला गॅस चालू असतोच असं नाही. कित्येकदा शेगडी नुसती दाखवायला असते. म्हणजे सिलिंडर जोडायचा का, जवळ आग विझवायचं सिलिंडर आहे का, हे आदल्या दिवशी विचारायला हवं. दूध उकळायला वेळ लागतो आणि त्या वेळात पूर्ण युनिट थांबू शकत नाही, तेव्हा दुसरीकडे ते तापवून ठेवावं लागेल. टेक फसला तर? उतू गेलेलं दूध पुसायचं, शेगडी कोरडी करायची, पुन्हा भरायचं. म्हणजे दूध किती लिटर आणायचं हे किती टेक होतील यावर. तसंच दुसरं पातेलं हवं, हुबेहूब तसंच.

पदराने पातेलं उतरवायचंय. पदर खांद्यावर पिन केलेला असेल तर तो शेगडीपर्यंत पोहोचणारच नाही, हे कॉस्च्युमला आधी सांगायचं. साडी सिंथेटिक असेल आणि ज्योत चालू असेल तर तो सीन असा करायचाच नाही. म्हणून दूध वर येण्याचा क्लोज (जवळून घेतलेला शॉट) वेगळा घ्यायचा, आणि नीता पातेलं उचलते त्या शॉटमध्ये गॅस बंद आणि पातेलं गार. तेव्हा वाफ नसणार. ते चालेल का, हे दिग्दर्शकाला विचारायचं.

सासरे दिसत नाहीत, फक्त आवाज आहे. मग त्या नटाला बोलवायचं का? त्याचा दुसरा सीन त्या दिवशी नसेल तर हाक सेटवर असिस्टंटने द्यायची आणि खरा आवाज नंतर डबिंगला. एका कलाकाराचा दिवस वाचला.

सकाळ आहे. शूट दुपारी चारला असेल तर खिडकीतला उजेड लाइटवाल्यांना तयार करावा लागेल. पोळ्यांची चळत किती उंच होती, लाटली जाणारी पोळी किती मोठी झाली होती, पिठाचा हात उजवा की दोन्ही, याचे फोटो.

आणि आता मुख्य. दृश्य १५ मध्ये नीता त्याच साडीत दिवाणखान्यात येत असेल तर पदरावर दुधाचा डाग हवा. पण शूट गोष्टीच्या क्रमाने होत नाही. दृश्य १५ दोन दिवस आधीच शूट झालं असेल तर? तेव्हा डाग होता का? नसेल तर आता दूध पदराला लागताच कामा नये. एखाद्या उमेदवाराने सीन वाचून फक्त एवढं विचारलं, "पंधरावा सीन आधी शूट झालाय का?", तरी मी बाकीचे प्रश्न जवळजवळ सोडून देते.

हाच सीन क्रिएटिव्हवाल्याने वेगळा वाचायचा. दूध गॅसवर असताना ती हाकेला धावली, यातून सून म्हणून तिची भीती दिसते की जिव्हाळा? दूध उतू जाणं हा नुसता अपघात आहे की पुढे सासू त्यावरून बोलणार आहे? बोलणार नसेल तर एवढा खटाटोप करायचा कशाला. तिला नुसतं पोळ्या लाटताना दाखवलं तर चालेल का? शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस प्रॉडक्शनला फार आवडतो. एडिटिंगचा उमेदवार म्हणेल की सासऱ्यांची हाक दुधाच्या क्लोजवरच सुरू करता येईल, म्हणजे प्रेक्षकाला धोका आधी कळेल आणि नीताला नंतर.

घरी सराव करायला स्क्रिप्ट लागत नाही. चालू मालिकेतला कुठलाही दोन मिनिटांचा सीन घ्या, आवाज बंद करून बघा, आणि तो उभा करायला काय काय लागलं असेल याची यादी काढा. चार-पाच सीन असे फोडलेत की डोळा तयार होतो.

जे प्रश्न येतातच

"ॲक्टिंग करायचंय का?" दिग्दर्शन विभागात हा प्रश्न हसत विचारतात, पण तो गंभीर असतो. असिस्टंट म्हणून आलेला मुलगा दोन महिन्यांनी ऑडिशनसाठी दांड्या मारायला लागला, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. अभिनयाची इच्छा असेल तर ती लपवू नका. इंटर्नशिपच्या काळात ऑडिशनला जाणार नाही, असं सांगायची तयारी असेल तर तसं सांगा. नसेल तर कास्टिंग एजन्सीत इंटर्नशिप शोधा, तिथे तुमचा दोन्हीकडून फायदा आहे.

"आमच्या मालिकेत काय खटकलं?" हा सापळा वाटतो, पण समोरच्याला खरंच ऐकायचं असतं. "सगळंच छान आहे" म्हणू नका. एक ठोस गोष्ट सांगा, तीही दुरुस्त होण्याजोगी. "नायिका फार रडते" यावर कोणी काय करणार? "मंगळवारच्या भागात मावशीला गुपित कळलं, पण गुरुवारी ती काहीच माहीत नसल्यासारखी बोलली" ही कामाची गोष्ट आहे. बोलताना सूर तक्रारीचा नको.

"सेटवर दोन वरिष्ठांनी एकाच वेळी दोन उलट कामं सांगितली तर?" उत्तर सोपं आहे : आपल्या विभागप्रमुखाला विचारायचं आणि दुसऱ्याला जाऊन तसं कळवायचं. गप्प बसून दोन्ही अर्धवट करणारे जास्त असतात.

"कोणाचं काम आवडतं?" इथे मोठ्या दिग्दर्शकाचं नाव घ्यायची सक्ती नाही. एखाद्या छायालेखकाचं, संकलकाचं, ध्वनिसंयोजकाचं नाव घेतलंत आणि त्यांच्या कामातली एक जागा सांगता आली, तर तुम्ही श्रेयनामावली वाचता हे कळतं.

"पाच वर्षांनी कुठे दिसतोस?" हा प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःचंच सहा महिन्यांनंतरचं सांगता येत नाही. थोडक्यात उत्तर द्या.

चाचणीचं काम

काही ठिकाणी घरी काम देतात : तीस सेकंदांच्या प्रोमोची स्क्रिप्ट, एका भागाचा सारांश, अर्ध्या तासाच्या फुटेजचा लॉग. सारांश दिला तर दहा ओळींत बसवा आणि गोष्टीत कोणाचं काय बदललं तेवढंच लिहा. कोण कुठे बसलं होतं हे नको. प्रोमोमध्ये उत्तर देऊन टाकू नका. प्रश्न उभा करून थांबायचं.

मर्यादा मात्र ओळखा. एक प्रोमो ही चाचणी झाली. आख्ख्या मालिकेची संकल्पना, पात्रांचे तपशील आणि वीस भागांचा आराखडा "टेस्ट" म्हणून मागितला तर ती चाचणी नाही. स्वतःची गोष्ट कोणाला वाचायला देणार असाल तर आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून घ्या. सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करता येते. कल्पना हवेत असते, तिला कोणी कुंपण घालू शकत नाही. कागदावर लिहिलेल्या मजकुराला निदान तारखेचा पुरावा असतो.

त्या दिवशी

पत्ता आदल्या दिवशी नकाशावर नीट बघा. अंधेरी पश्चिमेला आरामनगर, वीरा देसाई रोड, ओशिवरा या पट्ट्यात निर्मितीसंस्थांची दाटी आहे, आणि एका नावाच्या दोन-तीन इमारती असणं नवीन नाही. आरामनगरात तर बंगल्याचा नंबर नसेल तर तासभर फिराल. गोरेगावच्या चित्रनगरीत बोलावलं असेल तर फाटकावर कोणाचं नाव सांगायचं आणि कोणत्या सेटवर यायचं हे आधीच विचारून ठेवा. १९७७ पासूनचा तो परिसर डोंगरउतारावर बराच पसरलेला आहे, आणि फाटकापासून सेटपर्यंत चालत निघालात तर घामाघूम होऊन पोहोचाल. मढला बोलावलं तर वर्सोव्याहून फेरीने खाडी ओलांडता येते, मालाडवरून रस्त्याने वेळ जास्त जातो. घोडबंदर, मीरा रोड, नायगावचे सेट असतील तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेवा.

कपडे साधे, स्वच्छ, पायात बूट. सेटवर चपला घालून आलेल्या माणसाला केबल्समधून पळताना बघवत नाही. सोबत सीव्हीच्या दोन छापील प्रती, वही, पेन, पाण्याची बाटली, चार्जर. वाट बघावी लागेल. साडेअकराची वेळ दिली आणि दीडला आत बोलावलं, असं होतं. शूटवर काहीतरी अडलेलं असतं. तेवढ्यात चिडचिड झाली तर ती चेहऱ्यावर येऊ देऊ नका, आणि रिसेप्शनवर बसून फोनवर मोठ्याने बोलू नका. मुलाखत सेटवर असेल तर रोल झाल्यावर (कॅमेरा सुरू झाल्यावर) हलायचं नाही, फोन सायलेंट, कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूने जायचं नाही आणि कुठल्याही कलाकारासोबत सेल्फी मागायची नाही. ही शेवटची गोष्ट तर मुलाखतीचाच भाग समजा.

संबोधन ऐकून ठरवा. मराठी सेटवर दादा आणि ताई चालतं, वरिष्ठ दिग्दर्शकाला सर किंवा मॅडम. तुम्हाला "तू" म्हणतील. त्यात अपमान नाही. चहा देणाऱ्या स्पॉटदादांना "अहो दादा" म्हणणारी मुलं आत गेल्यावरही नीट बोलतात, असं माझं निरीक्षण आहे.

तुम्ही काय विचारायचं

"काही प्रश्न?" असं विचारल्यावर "नाही" म्हणून उठू नका. कामाचे तास विचारा. टीव्हीत शिफ्ट सर्वसाधारणपणे बारा तासांची, सकाळी सात ते सात किंवा नऊ ते नऊ, आणि वर प्रवास. रविवारी सुट्टी असते का, नाइट शिफ्ट किती वेळा, रात्री पॅकअप झाल्यावर मुलींना घरापर्यंत गाडी मिळते का, हे सरळ विचारा. ज्यांना या प्रश्नाचा राग येतो तिथे पुढे काय वातावरण असेल, हे ओळखणं अवघड नाही.

मानधनाचंही बोला. कुठे स्टायपेंड असतो, कुठे फक्त कन्व्हेयन्स (प्रवासखर्च) आणि जेवण, कुठे काहीच नाही. काहीच नसेल तर किती महिने आणि त्या बदल्यात काय : पत्र, श्रेयनामावलीत नाव, ठरलेला विभाग? पैसे असतील तर कधी मिळणार, हेही विचारा. टीव्हीत काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पैसे यायची जुनी रीत आहे आणि इंटर्नच्या खात्यावरही ती कधीकधी लावली जाते. भाडं भरून मुंबईत राहणाऱ्यासाठी हा प्रश्न सगळ्यांत आधीचा आहे. घरून पाठबळ नसेल तर बिनपगारी चार महिने घेऊ नका. आठवड्यातून तीन दिवसांचं काम मागून बघा, एडिट आणि सोशल मीडियात ते मिळतं.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, तिचं नाव-नंबर कुठे लावलंय, हे विचारायला संकोच वाटत असेल तर भिंतीवर नजर फिरवा. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तिथे ती समिती असावीच लागते, आणि कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थीही येतात. म्हणजे तुम्ही. लहान ऑफिसमध्ये समिती नसली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

सही करायला गोपनीयतेचा करार दिला तर वाचून सही करा. त्यात काय आहे ते साधारण ठरलेलं असतं : स्क्रिप्ट, सेटवरचे फोटो, कलाकारांची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. "आज सेटवर लग्नाचा सीन!" अशी एक स्टोरी टाकलीत आणि मालिकेतलं ते लग्न तीन आठवड्यांनी दिसणार असेल, तर इंटर्नशिप त्याच संध्याकाळी संपते.

नंतर

त्याच दिवशी दोन ओळींचा मेसेज. आभार, आणि मुलाखतीत एखादी गोष्ट पाठवायचं कबूल केलं असेल तर ती सोबत. मग आठवडाभर थांबा. उत्तर नाही आलं तर एकदा विचारा. त्यानंतरही शांतता असेल तर पुढे चला, रोज "सर, काही अपडेट?" नको.

नकार आला तर बहुतेक वेळा कारण सांगत नाहीत. कधी सीट भरलेली असते, कधी मालिकाच बंद होणार असते आणि ते आतल्या लोकांनाही गेल्याच आठवड्यात कळलेलं असतं. नंबर जपून ठेवा. दोन महिन्यांनी नवी मालिका सुरू होताना तोच असिस्टंट डायरेक्टर "मोकळी आहेस का?" असा मेसेज करतो, आणि बऱ्याचदा उद्यापासूनच यायचं असतं.

होकार आला तर सुरू होण्याची तारीख, विभाग, वरिष्ठाचं नाव, कालावधी आणि मानधन हे सगळं ईमेलवर मागून घ्या. "ऑफर लेटर वगैरे नंतर करू" म्हणाले तर तुम्हीच एक ईमेल पाठवा : "आजच्या बोलण्यानुसार मी अमुक तारखेपासून येते आहे, कालावधी चार महिने, कन्व्हेयन्स महिन्याच्या शेवटी, बरोबर ना?" त्यांचं "हो" आलं की काम झालं. आणि पहिल्या दिवशी कॉल टाइमच्या (सेटवर बोलावलेल्या वेळेच्या) अर्धा तास आधी पोहोचा, त्या वेळी प्रॉडक्शनवाले नाश्ता करत असतात आणि सगळ्यांची नावं तिथेच कळतात.